पळसाच्या पानाखालची अळंबी

जळकोटच्या पश्चिमेला जो माळ आहे, त्याच्या उतारावर पळस, धावडा आणि खुरट्या सागाची झाडी आहे. ऑगस्टच्या शेवटी तिथं कुजक्या पानांच्या थराखालून अळंबी वर येते. रविवारी सकाळी मी गल्लीतल्या दोन-तीन मुलांना घेऊन तिकडे जात असे. इथल्याच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं, निवृत्तीला आठ वर्षं झाली, पण काही दाखवायला जवळ मूल नसलं की मला अजूनही करमत नाही.

त्या रविवारी इकरा आणि भार्गवी होत्या. दोघी पाचवीत.

"बाई, ही बघा. हळदीत लोळून आल्यासारखी," भार्गवी म्हणाली.

सागाच्या पानांतून पिवळीधमक अळंबी डोकावत होती. कडा नागमोडी, मध्ये खोलगट, तेल ओतायच्या नरसाळ्यासारखी. मी ती उपटून इकराच्या हातात दिली.

"उलटी करून बघ. खाली काय दिसतंय?"

इकरा बराच वेळ पाहत राहिली. ही मुलगी उत्तर द्यायची घाई कधी करत नाही. "रेषा हायत. मेणबत्ती वितळून ओघळावी तशा. टोपीवरून दांड्यावर उतरल्यात."

"नखानं सुट्या होतात का?"

"न्हाई. अंगाच्याच हायत."

"आणि वास?"

भार्गवीनं नाक खुपसलं. "जर्दाळूचा."

"तू कुठं खाल्लास जर्दाळू?"

"ईदेला, इकराच्या घरी. तुमाला न्हाई दिला?"

दहा-बारा पावलांवर एका कुजलेल्या बुंध्यातून केशरी अळंबीचा झुपका आला होता. "ही पण तीच," असं म्हणत भार्गवी धावली. इकरानं झुपका उलटा करून पाहिला आणि मान हलवली. "हिची पाती सुटी हायत, वहीच्या पानांसारखी. आन् सगळ्यांचं बूड एकच हाय. मातीतून न्हाई, लाकडातून आली."

मला फार आनंद झाला. हाच फरक तर मला शिकवायचा होता. मी त्यांना सांगितलं की केशरी विषारी असते. पिवळीचं जे चित्र माझ्या पुस्तकात आहे ते सह्याद्रीतल्या अळंबीचं. आपल्या माळावरची तीच का, हे मला ठाऊक नाही. म्हणून आपला नियम एकच. पाहायची, हुंगायची, चित्र काढायचं, खायची नाही. आणि पांढरी दिसली तर तिला हातसुद्धा लावायचा नाही.

नमुने न्यायला मी कागदी पिशवी आणली होती. ती दवानं भिजून फाटली. खांद्यावरच्या झोळीत स्टीलचा एक डबा होता. इकराच्या आईनं, आबेदानं, गुरुवारी त्यातून खिचडा पाठवला होता आणि मी डबा परत द्यायला घेतला होता. मी डब्यात खाली पिवळ्या ठेवल्या, वर पळसाचं पान पसरलं आणि पानावर केशरी झुपका ठेवला. इकराचा हात चित्रात चांगला आहे, म्हणून डबा तिच्याकडे दिला. त्यानंतर मी दोघींना प्यायला पाणी दिलं, माझ्या चपलेत गेलेला काटा काढत बसले आणि मग आम्ही उतरलो.

गल्लीच्या तोंडाशी मी इकराला म्हणाले, "संध्याकाळी चित्र काढ. तोवर डबा आईकडे दे, सांग बाईंनी दिलाय."

आमच्या गल्लीत कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. आबेदाच्या डब्यातून मी कधी शेंगा पाठवल्या, कधी पेरू. गेल्या पावसाळ्यात घरी पेंढ्यावर ढिंगरी अळंबी पिकवली होती, तीही याच डब्यातून दोनदा पाठवली होती, आणि तिनं ती आवडीनं शिजवली होती. हे सगळं मला माहीत होतं. तरी ते वाक्य बोलताना माझ्या मनात काही आलं नाही.

दीड वाजता मी जेवायला बसले होते. आबेदाचा फोन आला.

"बाई, तुमी भेजलेली अळंबी लई मस्त झाली. कांदा, लसूण आन् जरासं खोबरं टाकलं. अब्बा म्हणले, आज गोश्ताची गरजच न्हाई. म्हणलं, शुक्रिया सांगावा."

माझ्या हातात पोळीचा तुकडा होता. तो मी ताटात परत ठेवला.

"कोणती अळंबी, आबेदा?"

"डब्यातली. इकरा ओट्यावर ठेवून अरबीच्या क्लासला पळाली. म्हणली, बाईंनी दिलाय."

"सगळी केलीस?"

"हाव, सगळी. इत्तीशी तर होती."

"कुणी खाल्ली?"

"अब्बांनीच. मी आत्ता वाढून घेऊन राहिले. का बरं?"

"ताट खाली ठेव. एक घास तोंडात घालू नकोस. मी येतेय."

आबेदाचं घर सहा घरं सोडून आहे. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते दुखले की नाही हे मला आठवत नाही.

इकराचे आजोबा, गुलाम रसूल, दारातल्या खुर्चीत बसून दात कोरत होते. जळकोटातल्या निम्म्या शाळेचे गणवेश त्यांनी शिवलेत. दोन वर्षांपूर्वी लातूरला त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून मशीन झाकून ठेवलेलं.

"या बाई. तुमच्या भाजीनं मजा आणली."

"गुलामभाई, पोटात कसं वाटतंय?"

"भरल्यासारखं."

मी आत गेले. कढईत तळाला चमचाभर रस्सा उरला होता. शिजल्यावर पिवळं, केशरी सगळं एकसारखं काळपट झालं होतं. त्यावरून काही ओळखू येण्यासारखं नव्हतं. आबेदा भिंतीला टेकून उभी होती.

"बाई, तुमचीच होती ना ती?"

"माझीच होती. पण खायची नव्हती. त्यातली केशरी विषारी आहे. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. दवाखान्यात जाऊ. चिरताना बुडं कुठं टाकलीस?"

तिनं ओल्या कचऱ्याच्या बादलीकडे बोट दाखवलं. मी बादलीच उचलली. कोपऱ्यावर विनोदची ऑटो उभी होती. आम्ही गुलामभाईंना बसवत होतो तेवढ्यात इकरा क्लासवरून आली. तिनं आधी आजोबांकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या बादलीकडे, आणि काही न विचारता ऑटोत चढून माझ्या पायाशी बसली.

सरकारी दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं नाडी, रक्तदाब पाहिला आणि मला बाहेर बोलावलं.

"किती वाजता खाल्ली?"

"एकच्या सुमारास."

"कोणती होती?"

मी तिला दोन्ही सांगितल्या. केशरीनं उलट्या, जुलाब होतात, जिवावर सहसा बेतत नाही, असं वाचल्याचंही सांगितलं. ती लातूरला कुणा मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोलली आणि परत आली.

"सर म्हणतात, दोन-तीन तासांत उलटी झाली तर तुम्ही म्हणता तीच असण्याची शक्यता जास्त. पण आता काहीच झालं नाही आणि त्रास रात्री सुरू झाला, तर ती यकृतावर जाणारी असू शकते. तशी असेल तर आत्ताच लातूरला न्यावं लागेल. यांचं हृदय बघता एवढा प्रवास उगाच नको. डब्यात या दोनच होत्या ना? खात्री आहे तुमची?"

"खात्री आहे," मी म्हणाले.

"मग इथंच ठेवू. उलटीची वाट बघू."

आम्ही वाट बघू लागलो. आयुष्यात पहिल्यांदाच एका माणसाला उलटी व्हावी म्हणून मी देवाकडे मागत होते. आबेदाचे ओठ हलत होते. तीही तेच मागत असणार. गुलामभाई मात्र खाटेवर टेकून नर्सला सांगत होते, "खामखा झोपवलं मला. सकाळपेक्षा तगडा हाय मी." ते एकेक वाक्य हसत बोलायचे आणि मी घड्याळाकडे बघायचे.

नुसतं बसवेना. मी बादली व्हरांड्यात नेली, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे.

"इकरा, मला बारीक दिसत नाही. तू एकेक तुकडा बाजूला काढ आणि काय आहे ते सांग."

ती उकिडवी बसली. कांद्याची सालं एकीकडे केली, लसणाची टरफलं एकीकडे. चुरगळलेलं पळसाचं पान निघालं.

"हे केशरीचं बूड. सगळ्यांचं एकच. ह्याला लाकूड चिकटलंय."

म्हणजे झुपका कढईत गेला होता. उरलीसुरली आशा तिथं संपली.

"हे पिवळीचं. हे पण. आतून पांढरं, घट्ट." तिचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ होता. मग हात थांबला. तिनं कांद्याची सालं ओढून कशावर तरी घातली.

"काय आहे ते?"

"काही न्हाई. लसूण."

मी रागावणार नाही असं सांगितलं की मुलं आणखी घाबरतात. म्हणून मी नुसता तळवा तिच्यापुढं धरला आणि धरून ठेवला. आत कुठंतरी स्टीलचं भांडं आपटलं, तशी ती दचकली. मग तिनं सालांखालून तो तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

अंगठ्याच्या पेराएवढं पांढरं बूड होतं ते. खाली कांद्यासारखं फुगीर, आणि भोवती अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पातळ वाटी. ते बघायला मला इकराच्या डोळ्यांची गरज नव्हती. मी असली अळंबी माळावर दोनदा पाहिली आहे, आणि दोन्ही वेळा मुलांना लांबूनच मागं वळवून आणलं आहे.

"कधी काढलीस?"

"तुमी काटा काढत होता तवा. धावड्याखाली होती." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "तुमी म्हणलात हात लावायचा न्हाई. पण का ते सांगितलं न्हाई. मला विचारायचं होतं. पानाखाली ठेवली. संध्याकाळी विचारणार होते."

"एकच?"

"एकच. लहानशी."

मी का ते सांगितलं नव्हतं, हे खरं होतं. मरणाचं नाव काढलं की भार्गवी रडते, म्हणून गेली तीन वर्षं मी तेवढं वाक्य गाळत आले होते.

"बाई, दादाअब्बा मरणार का?"

"मला माहीत नाही, बाळा. पण डॉक्टरांना आत्ता कळलं तर त्यांना वेळ मिळेल. चल, सांगू."

तिनं व्हरांड्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. "मी न्हाई येत."

"बरं. तू इथं बस. मी सांगते."

डॉक्टरीण बाई कागद लिहीत होत्या. आबेदा शेजारी उभी होती. मी तो तुकडा टेबलावर ठेवला.

"मी मघाशी खात्री आहे म्हणाले, ते चुकलं. ही पण होती. बुडाला वाटी असलेली पांढरी. यकृतावर जाते ती हिच्यासारखीच असते. हीच ती का, हे मी सांगू शकत नाही."

"अहो, तुम्ही तर म्हणालात दोनच होत्या. ही कुणी ठेवली?"

"डबा मी भरला होता," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. आबेदानं माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं. तिच्या नजरेत राग नव्हता. जिच्याकडे आपण मुलगी सोपवतो ती बाई ही नव्हेच, असं काहीतरी होतं.

त्याच वेळी आतून नर्सनं हाक मारली. गुलामभाईंना उलटी झाली होती. लागोपाठ दुसरी, तिसरी.

"मघाशी झाली असती तर मी सुटले म्हणाले असते," डॉक्टरीण बाई उठत म्हणाल्या. "ही केशरीची असेल. पण आता त्यावर विसंबता येत नाही."

त्यांनी गुलामभाईंना विष शोषून घेणारं कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाईन लावलं आणि रुग्णवाहिका बोलावली. त्यांचा मुलगा, इकराचा बाप शहेबाज, लातूरला एका डाळ मिलमध्ये यंत्रं दुरुस्त करतो. तो परस्पर तिथल्या दवाखान्यात येणार होता. चार वाजता आम्ही निघालो. गुलामभाईंच्या ओठांभोवती काळं लागलं होतं. खड्डा आला की आबेदा त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरायची. इकरा माझ्याजवळ बसली होती, पण माझा हात धरत नव्हती.

लातूरच्या डॉक्टरांनी कागद पाहिला, तुकडा पाहिला. रोज रक्त तपासायचं, तीन दिवस काही म्हणता येणार नाही, असं सांगितलं.

सोमवारी सकाळी उलट्या थांबल्या. गुलामभाईंनी चहा मागितला. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याच्या सदऱ्याची काखेतली शिवण कशी चुकलीय ते समजावून सांगू लागले. आबेदा पहिल्यांदा हसली. मी व्हरांड्यात डॉक्टरांना गाठून म्हणाले, "बरे दिसतात."

"दिसतील," ते म्हणाले. "तसल्या अळंबीत असंच होतं. मध्ये एक दिवस माणूस अगदी बरा वाटतो. उद्या कळेल."

हे आबेदाला सांगावं की नाही, मला ठरवता येईना. मी परत आत गेले तेव्हा गुलामभाई मला म्हणाले, "बाई, तुमी का सुतकी तोंड करून बसल्या? खाल्लं मी, आन् पोट तुमचं दुखतंय." मी त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहत होते. पिवळा होतोय का, एवढंच पाहत होते. खिडकीतून ऊन आलं की तो पिवळा वाटायचा. ढग आला की नाही.

मंगळवारी यकृताचा आकडा वाढला. फार नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण ते पुन्हा म्हणाले की उद्या कळेल. शहेबाज दोन दिवसांत माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. तो मला पाणी आणून द्यायचा आणि बाटली ठेवून निघून जायचा. इकरा खाटेच्या पायथ्याशी बसून असायची. कुणी काही दिलं तर खायची नाही. "भूक न्हाई" एवढंच. तिला बाहेर नेऊन मी एकदा म्हणाले, "डबा मी दिला, निरोप चुकीचा मी दिला. तुझ्या वाट्याला त्यातलं थोडंसंच येतं." तिनं ऐकून घेतलं. त्यानं तिचं काही हलकं झालं असं दिसलं नाही.

मला झोप लागत नव्हती. एकतीस वर्षांत किती मुलांना मी किती गोष्टी सांगितल्या, आणि त्यांतल्या किती अर्ध्या सांगून सोडून दिल्या, हे मोजत बसायचे.

बुधवारी दुपारी रिपोर्ट आला. शहेबाज तो घेऊन डॉक्टरांकडे गेला. मी, आबेदा आणि इकरा खाटेपाशी थांबलो. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला वाचता येईना. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

"उतरला," तो म्हणाला. "उद्या अजून एकदा बघतील. पण धोका टळला म्हणतात. पोटात लई कमी गेली असेल, न्हाई तर पांढरी यकृतावर जाणारी नसेलच. नक्की सांगता येत न्हाई म्हणले."

आबेदा खाटेची कड धरून खाली बसली. मला बसायला जागा नव्हती, मी भिंतीला टेकले.

शहेबाज माझ्याकडे वळला. "बाई, तुमी मलाही शिकवलंय, म्हणून आवाज चढवत न्हाई. पण विषारी चीज पोरीच्या हातात देऊन घरी भेजायची? ती पांढरी तुमी कशापायी ठेवली? अब्बा वाचले, शुक्र हाय. इकरा आता तुमच्यासंगं माळावर येणार न्हाई."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

"पांढरी बाईंनी न्हाई ठेवली."

इकरा उठून उभी राहिली होती. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"मी ठेवली. बाईंनी मना केलं होतं. त्यांना माहीत पण नव्हतं. मी लसूण हाय म्हणून झूट पण बोलले."

शहेबाजनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुमाला कवा कळलं?"

"रविवारीच. डॉक्टरांना काय खाल्लं ते कळणं गरजेचं होतं, तेवढं मी सांगितलं."

"आन् तीन दिवस माझा राग खात बसल्या."

"तो माझ्यावर यायलाच हवा होता. माझी चूक तिच्यापेक्षा मोठी आहे."

इकरा तशीच उभी होती, मार खायला तयार असल्यासारखी. आबेदा उठू लागली, पण त्याआधी गुलामभाईंनी सलाईन लावलेला हात जपून उचलला आणि खाटेवर बाजूला सरकले.

"इकडं ये," ते म्हणाले.

ती गेली.

"किती मोठी होती ती?"

इकरानं अंगठ्याचं पेर दाखवलं. गुलामभाईंनी ते बोट धरून बराच वेळ निरखलं, कापडाचा नमुना पाहावा तसं.

"एवढीशी? आन् तिच्यापायी तीन दिवस मला ग्लुकोजच्या पाण्यावर ठेवलं?" मग त्यांचा आवाज खाली आला. "इकरा, तू आत्ता बोललीस ते रविवारी बोलली असतीस तर मला जास्त आवडलं असतं. पण बोललीस."

ती त्यांच्या कुशीत तोंड घालून रडू लागली. गेल्या तीन दिवसांत ती रडली नव्हती. शहेबाज खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिला. थोड्या वेळानं, तोंड न वळवता, त्यानं मला विचारलं, "ती पांढरी ओळखायची कशी, बाई?"

मी सांगायला लागले. टोपी, पाती, दांड्यावरचं कडं, मातीत लपलेली वाटी, आणि खाल्ल्यावर काय होतं तेही, काहीही न गाळता. इकरानं रडणं थांबवलं नाही, पण ती ऐकत होती.